गॅस कमी झालाय, हे कशावरून?

(रेफ्रिजरेशन-एसी ट्रेडचे विद्यार्थी आणि प्रत्यक्ष साइटवर काम करणारे तंत्रज्ञ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

नमस्कार मंडळी.

घरातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरपासून सुरुवात करतो. तुमच्या आईला सिलिंडर किती उरलाय हे बघायचं असतं तेव्हा ती काय करते? हलवून बघते, तिरका करते, उचलून अंदाज घेते. शेगडीच्या ज्योतीवरून तिला काही कळत नाही, कारण ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत जवळपास तशीच असते. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो, कारण तो दाब तापमान ठरवतं. आत १४ किलो आहे की २ किलो, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

आपल्या सिलिंडरचंही तसंच आहे. तीस अंशांना ठेवलेल्या आर-२२च्या, म्हणजे एसीत भरायच्या एका गॅसच्या, सिलिंडरला दाब दाखवणारं गेज लावा, १५८ पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास दाखवेल. भरलेला असो, अर्धा असो, तळाशी थोडा द्रव उरलेला असो, काटा तिथेच. म्हणूनच आपण गॅस वजनकाट्यावर मोजतो.

मग मला सांगा, आठ-दहा टनांची डक्टेबल, म्हणजे डक्टमधून हवा फिरवणारी मोठी एसी, चालू असताना सक्शनच्या, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या वायूच्या पाइपवरच्या, सर्व्हिस पोर्टला निळं गेज लावलं, काटा पन्नासवर दिसला आणि आपण मालकाला म्हणालो, ‘साहेब, गॅस कमी झालाय’, तर ते कशाच्या जोरावर म्हणालो? त्या काट्याने आत गॅस किती आहे ते सांगितलंच नाही. त्याने एवढंच सांगितलं की कूलिंग कॉइलमध्ये द्रव या क्षणी कुठल्या तापमानाला उकळतोय. आर-२२ असेल तर पन्नास पीएसआयला साधारण उणे तीन अंश. तो इतक्या खाली का उकळतोय, हा प्रश्न पुढचा. त्याची कारणं चार-पाच आहेत आणि गॅस कमी असणं हे त्यातलं एक. आज मी जे काही बोलणार आहे ते या एका कारणाला बाकीच्यांतून वेगळं कसं काढायचं, याबद्दल आहे. आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त चुकीचं निदान याच एका वाक्याने होतं, असं माझं ठाम मत आहे. त्याचे पैसे मालक भरतो आणि त्याचा मार कॉम्प्रेसर खातो.

आधी दोन शब्द पक्के करू. काही जण पहिल्या वर्षाचे आहेत, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

कुकर सगळ्यांनी पाहिलाय. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळतं, कुकरमध्ये शिट्टीपर्यंत दाब चढला की तेच पाणी एकशेवीसच्या आसपास उकळतं. दाब बदलला की उकळायचं तापमान बदलतं, आणि दोघांची जोडी ठरलेली असते. प्रत्येक रेफ्रिजरंटची, म्हणजे एसीतल्या गॅसची, अशी जोड्यांची पट्टी असते, तिला आपण पीटी चार्ट म्हणतो. पाच अंशांना आर-२२ उकळायचा तर दाब सत्तर पीएसआय. त्याच पाच अंशांना आर-४१०ए उकळायचा तर एकशेवीस. आर-२२ची सवय झालेला माणूस ४१०एच्या मशीनवर पंचाऐंशी पाहून ‘छान आहे’ म्हणतो, तेव्हा ती कॉइल उणे साडेचारला चाललेली असते. नेमप्लेट वाचल्याशिवाय काटा वाचता येत नाही.

आता कॉइलमध्ये सगळा द्रव उकळून संपला, वायू झाला. तो वायू अजून कॉइलमध्येच आहे, खोलीची हवा अजून त्याच्यावरून जातेय, म्हणून तो आणखी तापतो. उकळायच्या तापमानाच्या वर तो जितके अंश तापला, ती सुपरहीट. दुसऱ्या टोकाला कंडेन्सरमध्ये, म्हणजे बाहेरच्या कॉइलमध्ये, उलटं घडतं. वायूचा सगळा द्रव झाला, तरी बाहेरच्या हवेने तो आणखी थोडा थंड होतो. वायूचा द्रव व्हायच्या, म्हणजे कंडेन्सिंगच्या तापमानाखाली तो जितके अंश उतरला, ते सबकूलिंग. सुपरहीट सांगते की कॉइलला द्रव पुरतोय की नाही. सबकूलिंग सांगतं की कंडेन्सरच्या तळाशी द्रवाचा साठा आहे की नाही. दोन्ही काढायला गेजबरोबर पाइपवर लावायचं थर्मामीटर लागतं. लेझरवाली बंदूक चकचकीत तांब्यावर खोटं वाचते, ती इथे नको. पाइपला चिमट्याने धरणारा प्रोब लावा, त्यावर इन्सुलेशनचा तुकडा गुंडाळा आणि मशीन पंधरा मिनिटं स्थिर चालू द्या. मगच आकडा लिहा.

गॅस खरंच कमी असेल तर काय दिसतं? कॉइलला द्रव पुरत नाही. पहिल्या काही नळ्यांतच तो उकळून संपतो आणि उरलेली कॉइल नुसत्या वायूने भरलेली राहते, म्हणून सुपरहीट चढते. कंडेन्सरच्या तळाशी द्रव साठतच नाही, म्हणून सबकूलिंग शून्याकडे जातं. सक्शनचा दाब खाली, हेड, म्हणजे कंडेन्सरच्या बाजूचा दाब, तोही खाली. कॉम्प्रेसरच्या हाती दाबायला कमी वायू, म्हणून अँपिअर नेमप्लेटपेक्षा बरेच कमी. बर्फ धरलाच तर तो कॉइलच्या सुरुवातीच्या नळ्यांवर, डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे द्रव नळ्यांत वाटून देणाऱ्या भागाच्या, जवळ, आणि पुढची कॉइल कोमट.

या सगळ्या खुणा एकत्र दिसायला हव्यात. एकटी सक्शन खाली असणं म्हणजे काहीच नाही. सुपरहीट वर आणि सबकूलिंग खाली ही जोडी मी सगळ्यात जास्त मानतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण यावर नवीन मुलं गोंधळतात. अँपिअर कमी आहेत, तरी कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप का होतो? कारण हर्मेटिक कॉम्प्रेसरची मोटर परत येणाऱ्या थंड सक्शन वायूवरच गार राहते. वायू कमी आला, आणि आला तोही तापलेला, की मोटरची वाइंडिंग तापते आणि आतला प्रोटेक्टर उडतो. म्हणजे करंट कमी असूनही मोटर उष्णतेने मरते आहे. असा कॉम्प्रेसर महिनाभर चालवला तर पुढच्या वेळी तुम्ही गॅस घेऊन जात नाही, कॉम्प्रेसर घेऊन जाता.

आता सक्शन खाली असण्याची बाकीची कारणं. त्यातलं एक मी जरा सविस्तर सांगणार आहे.

कापडाचं एक मोठं शोरूम. साडेआठ टनांची डक्टेबल, आर-२२. दिवाळीच्या आधीची गर्दी आणि आत उकाडा. माझ्या आधी दोन वेगवेगळी माणसं येऊन गेली होती, दोघांनी गेज लावलं, दोघांनी गॅस भरला. दोन-तीन दिवस बरं वाटलं म्हणे, मग पुन्हा तेच. मी गेलो तेव्हा सक्शन ४८ पीएसआय. कुणालाही वाटेल, गॅस कमी. उकळायचं तापमान उणे चार. पण कॉम्प्रेसरजवळ सक्शन पाइपचं तापमान होतं उणे एक. म्हणजे सुपरहीट फक्त तीन. कॉइलमध्ये द्रव पुरत तर होताच, वर कॉम्प्रेसरच्या दारापर्यंत यायला निघाला होता. दुसऱ्या टोकाला हेड २४० पीएसआय, कंडेन्सिंग साधारण सेहेचाळीस, आणि लिक्विड लाइन, म्हणजे कंडेन्सरमधून द्रव पुढे नेणारी पाइप, पस्तीसला. सबकूलिंग अकरा. म्हणजे गॅस कमी सोडाच, जास्त झालेला.

कॉइल उघडली तर वरपासून खालपर्यंत सारखा बर्फ. फक्त पहिल्या नळ्यांवर नव्हे, सगळीकडे. हा बर्फ हवा कमी असल्याचा. फिल्टर धुतलेले होते, बेल्ट घट्ट होता, ब्लोअर फिरत होता, डक्टमधून हवाही येत होती. मग हवा कमी का?

मी मालकाला विचारलं, गेल्या काही महिन्यांत मशीनचं काय काम झालं? ते म्हणाले, ब्लोअरची मोटर जळाली होती, रिवाइंड करून आणली. तिथे उत्तर मिळालं. मोटर परत जोडताना दोन फेज अदलाबदल झाले होते आणि ब्लोअर उलटा फिरत होता. सेंट्रिफ्युगल ब्लोअरची खुबी अशी की तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त खूप कमी. ग्रिलसमोर हात धरून ‘हवा येतेय’ म्हणणाऱ्या माणसाला हे कधीच कळणार नाही. बाणाची खूण बघावी लागते. दोन वायरी बदलल्या, बर्फ वितळू दिला, रिकव्हरी मशीन लावून जास्तीचा गॅस वजन करत काढून घेतला. सव्वा किलोच्या आसपास निघाला. मशीनला काहीच झालं नव्हतं. दोनदा गॅसचे पैसे मात्र मालकाने भरले होते.

यात त्या दोघांवर मला राग काढायचा नाही. त्यांच्या हातात गेज होतं, थर्मामीटर नव्हतं. एका हाताने टाळी वाजवायला सांगितल्यासारखं ते झालं. पण तुमच्या हातात आता दोन्ही असणार आहे.

दुसरं कारण अडथळा. गॅसमधली ओल आणि कचरा धरणारा फिल्टर ड्रायर तुंबला, किंवा कॉइलमध्ये द्रव मोजून सोडणाऱ्या एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत काळी पापुद्री अडकली. इथे फसगत जास्त होते, कारण कॉइलच्या बाजूला सगळं चित्र गॅस कमी असल्यासारखंच दिसतं. सक्शन खाली, सुपरहीट वर, कॉइल अर्धी उपाशी. फरक कंडेन्सरच्या बाजूला. पुढे वाट बंद म्हणून द्रव मागे तुंबतो आणि सबकूलिंग नेहमीइतकं किंवा जास्त राहतं. ड्रायरच्या दोन्ही टोकांना प्रोब लावा. पुढचं टोक मागच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी जरी गार असलं तरी तो ड्रायर बदलायचा. तुंबणं जास्त असेल तर पुढचं टोक घाम धरतं, हातालाच कळतं. अशा मशीनमध्ये गॅस भरला की सक्शन जेमतेम हलते आणि हेड चढत जातं. मग एचपी ट्रिप, म्हणजे दाब फार चढला म्हणून मशीन बंद. त्यावर कुणी म्हणतो कंडेन्सर धुवा. निदान एकदा चुकलं की पुढची प्रत्येक पायरी चुकत जाते.

कॉम्प्रेसर आतून थकला असेल तर सक्शन वर आणि हेड खाली राहतं, ते चित्र वेगळंच असतं. त्यावर आज थांबत नाही.

आता गॅस कमी असूनही तो दिसत नाही, अशा वेळेबद्दल. ही बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते.

कॅपिलरी किंवा ओरिफिसवाल्या, म्हणजे द्रव एकाच ठरलेल्या बारीक वाटेने सोडणाऱ्या, मशीनमध्ये थोडा गॅस कमी झाला की सुपरहीट लगेच वाढते. पण मोठ्या मशीनमध्ये थर्मोस्टॅटिक एक्सपान्शन व्हॉल्व्ह असतो आणि त्याचं कामच सुपरहीट ठरलेल्या जागी धरून ठेवणं आहे. गॅस थोडा गळाला की तो आपलं तोंड जास्त उघडतो आणि सुपरहीट सहा-सातवरच ठेवतो. खोली गार, मालक खूश, सक्शनही ठीक. गळती मात्र चालूच. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून झाला आणि त्याच्या तोंडाशी द्रवाऐवजी बुडबुडे यायला लागले, की मग एका आठवड्यात सगळं कोसळतं आणि फोन येतो, ‘अचानक कूलिंग गेलं’. ते अचानक नसतं. या काळात एकच गोष्ट खरं सांगत होती, ते म्हणजे सबकूलिंग. मागच्या भेटीत आठ होतं, आता चार आहे, तेवढ्याच उन्हात, तेवढ्याच लोडला. म्हणून मी प्रत्येक भेटीत, तक्रार नसली तरी, सबकूलिंग लिहून ठेवतो. रिसीव्हर असलेल्या मशीनमध्ये एवढंही लवकर दिसत नाही, कारण साठा रिसीव्हरमध्ये असतो. तिथे साइट ग्लास, म्हणजे लिक्विड लाइनवरची काचेची खिडकी, बघावी लागते.

पण साइट ग्लासवर एकटीवर विश्वास ठेवू नका. बुडबुडे दिसले म्हणजे गॅस कमीच, असं नाही. तिच्या मागचा ड्रायर तुंबलेला असला तरी बुडबुडे येतात, मशीन नुकती चालू झाली असली तरी येतात. आणि ग्लास अगदी स्वच्छ दिसली म्हणजे द्रवाने भरलेली आहे, असंही नाही. द्रव अजिबात नसेल, नुसता वायू वाहत असेल, तरी काच तितकीच स्वच्छ दिसते. मशीन बंद-चालू करून बघा. भरलेल्या ग्लासमध्ये काही क्षण फेस येऊन जातो. रिकामी असेल तर काहीच हलत नाही.

ओरिफिसवाल्या मशीनबद्दलही एक सांगतो, कारण आपल्या किनारपट्टीच्या हवेत हे रोज घडतं. जुलै महिना, रात्रभर बंद असलेलं ऑफिस, सकाळी नऊला मशीन चालू केली. आतली हवा दमट आणि गरम, वेट बल्ब, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचं तापमान, चोवीस अंश. बाहेर पस्तीस. या स्थितीत ओरिफिसवाल्या मशीनची योग्य सुपरहीट चौदाच्या आसपास असते. हो, चौदा. तीच मशीन दुपारी खोली गार झाल्यावर, वेट बल्ब साडेएकोणीसवर आला की, सातच्या आसपास दाखवेल. गॅस तितकाच आहे, लोड बदलला. सकाळी नऊला चौदा पाहून ज्याने गॅस ओतला त्याने दुपारी कॉम्प्रेसरमध्ये द्रव पाठवला. म्हणून अशा मशीनसाठी वेट बल्ब आणि बाहेरचं तापमान घेऊन तक्ता बघायचा, पाठ केलेला एकच आकडा चालत नाही.

आर-४०७सी असेल तर आणखी एक दक्षता. तो तीन गॅसांचं मिश्रण आहे आणि एका तापमानाला उकळत नाही, पाच-सहा अंशांच्या पट्ट्यात उकळतो. चार्टमध्ये त्याचे दोन स्तंभ असतात. सुपरहीटला ड्यू पॉइंटचा, म्हणजे उकळणं संपतं तिथला, घ्यायचा, सबकूलिंगला बबल पॉइंटचा, म्हणजे उकळणं सुरू होतं तिथला. स्तंभ चुकला तर पाच अंशांची चूक, म्हणजे सगळं निदानच उलटं.

व्हीआरएफवर, म्हणजे एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणाऱ्या यंत्रणेवर, मला फार विचारतात. त्यात गेजवरून गॅस भरायचा विचारच करू नका. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग बदलतो, इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह स्वतःच्या हिशेबाने उघडतात-मिटतात, काटा कधी इथे कधी तिथे. तिथला गॅस लिक्विड पाइपच्या लांबीवर आणि जाडीवर मोजून ठरतो. साडेनऊ मिलिमीटरच्या पाइपला मीटरमागे पन्नास ते साठ ग्रॅम, जाड पाइपला जास्त. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. शंका आली तर सगळा गॅस काढा, वजन करा, हिशेबाशी ताडून बघा. अर्धा दिवस जातो, मान्य आहे. दुसरा रस्ता मला माहीत नाही.

चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मोठ्या मशीनचं, शास्त्र वेगळं आहे, त्यात मी शिरत नाही. एकच उदाहरण सांगतो, कारण ते मला स्वतःला फार आवडतं. आर-१२३वर चालणाऱ्या सेंट्रिफ्युगल चिलरचा इव्हॅपोरेटर, म्हणजे गॅस उकळतो तो भाग, वातावरणापेक्षा कमी दाबाला चालतो. तिथे भोक पडलं तर चालू असताना गॅस बाहेर जात नाही, हवा आत येते. मग गळतीची पहिली बातमी गेज देत नाही, आत आलेली हवा बाहेर काढणारं पर्ज युनिट देतं. ते नेहमीपेक्षा जास्त वेळा चालायला लागतं.

आता समजा निदान पक्कं झालं, गॅस खरंच कमी आहे. पुढे?

घरातल्या सिलिंडरचा गॅस जळून संपतो. एसीतला जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. तो बंद नळीत फिरतोय आणि ती नळी बंद असेल तर वीस वर्षांनीही तेवढाच असणार. ‘दरवर्षी उन्हाळ्याआधी थोडा गॅस मारावा लागतो’, हे वाक्य मालकांच्या तोंडी आपणच घातलंय. ते काढायची जबाबदारीही आपलीच आहे.

कोकणातली एक बँकेची शाखा, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. साडेपाच टनांची डक्टेबल, आर-४१०ए. चार वर्षं दर मार्च-एप्रिलमध्ये गॅस भरला जात होता. मी गेलो तेव्हा सक्शन पंचाऐंशी, म्हणजे उकळणं उणे साडेचारला. सक्शन पाइप पंधरा अंशांना. सुपरहीट एकोणीस-वीस. हेड तीनशे पीएसआय, कंडेन्सिंग जेमतेम छत्तीस, लिक्विड लाइन पस्तीस. सबकूलिंग एकसुद्धा नाही. फिल्टर, ब्लोअर, ड्रायर सगळं ठीक. इथे शंकेला जागाच नव्हती. रिकव्हरी मशीनने काढला तर २ किलो १०० ग्रॅम भरला. पाइपची लांबी धरून हवा होता ४ किलो ६०० ग्रॅम.

आधी डोळ्यांनी शोधायचं. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, म्हणून जिथे धूळ तेलकट होऊन चिकटली आहे तिथे संशय. फ्लेअर नट, सर्व्हिस पोर्टची पिन, तिच्यावरची टोपी आहे की हरवली, प्रेशर स्विचच्या बारीक नळ्या एकमेकींवर किंवा पत्र्यावर घासतायत का, कॉइलचे यू-बेंड. शेवटी डिटेक्टर. तो जॉइंटच्या खालच्या बाजूने हळू फिरवायचा, कारण आपले बहुतेक गॅस हवेपेक्षा जड आहेत, खाली उतरतात. ब्लोअर बंद करून. या शाखेत यातलं काहीच सापडलं नाही.

मग दाब देऊन गळती शोधायला नायट्रोजन. रेग्युलेटर लावूनच. भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये दोन हजार पीएसआयहून जास्त दाब असतो, तो थेट सोडला तर कॉइल फुटते आणि समोरचा माणूसही. आणि ऑक्सिजन कधीही नाही. ब्रेझिंगचा, म्हणजे तांब्याच्या पाइप ज्वाळेवर जोडायचा, सिलिंडर शेजारीच उभा आहे, नायट्रोजन संपलाय, थोडंच तपासायचंय, असं म्हणून माणसं गेलेली आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो आणि सांगत राहणार.

तीनशे पीएसआय भरून रात्रभर ठेवला. सकाळी २७०. इथेही हिशेब करावा लागतो. संध्याकाळी पस्तीस अंश असतील आणि पहाटे पंचवीस, तर गळती नसतानाही तीनशेचे २९० होतात. दहा पीएसआय थंडीचे. उरलेले वीस गळतीचे. मग मशीनचे तीन भाग केले. इनडोअर वेगळं, आउटडोअर वेगळं, मधली पाइपलाइन वेगळी. तिघांत वेगवेगळा नायट्रोजन भरला. दोन भागांनी दाब धरला, पाइपलाइनने नाही. आता शोधायला उरली अठरा मीटर पाइप.

भिंतीवर एका लोखंडी क्लॅम्पखाली इन्सुलेशन चिरडून फाटलं होतं. पाइप थेट क्लॅम्पवर टेकलेली, मशीनच्या कंपाने चार वर्षं घासत होती, त्यात खारं पाणी मुरलेलं. इन्सुलेशन कापलं तर तांबं हिरवं झालेलं. साबणाचं पाणी लावल्यावर लगेच काही दिसलं नाही. दोन मिनिटांनी मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. एवढंच भोक. चार वर्षं बँक या भोकाचे पैसे भरत होती.

तेवढी पाइप कापून नवा तुकडा टाकला. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन हळू वाहता ठेवला, नाहीतर आत काळी पापुद्री धरते आणि ती पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसते. मघाशी सांगितलेला अडथळा असा आपल्याच हाताने तयार होतो. नळीत गॅस असताना टॉर्च लावायची नाही. ज्वाळेत तो गॅस विषारी होतो, आणि आर-३२ तर पेटतोसुद्धा. मग नवा ड्रायर, पुन्हा नायट्रोजन, मग व्हॅक्यूम. व्हॅक्यूम घड्याळ लावून नाही, व्हॅक्यूम किती खोल गेला ते मोजणारं मायक्रॉन गेज लावून. पाचशेखाली आणायचा, पंप बंद करायचा, काटा बघत बसायचं. थोडा चढून थांबला तर आत ओल आहे. चढतच राहिला तर अजून भोक आहे. स्थिर राहिला तर वजनकाट्यावर सिलिंडर उलटा ठेवून ४ किलो ६०० ग्रॅम द्रव गॅस लिक्विडच्या बाजूने सोडायचा. मिश्रण गॅस वायूरूपात भरला तर त्यातले घटक वेगळ्या प्रमाणात बाहेर येतात, म्हणून नेहमी द्रव.

या कामाला दीड दिवस लागला. टॉप-अपला एक तास लागला असता. शाखेच्या व्यवस्थापकांनी मला विचारलं की खर्च एवढा का? मी त्यांना चार वर्षांत भरलेल्या गॅसचं वजन लिहून दाखवलं. एवढा गॅस तुमच्या छतावरून हवेत गेला, म्हटलं. त्यांनी शांतपणे सही केली.

हवेत जाण्याबद्दल एक आकडा देतो. १ किलो आर-४१०ए हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्याच्या हिशेबात तो सुमारे २०८८ किलो कार्बन डाय-ऑक्साइडएवढा. आर-२२ सुमारे १८१०, आणि तो वर ओझोनही खातो. १९८७च्या मॉन्ट्रियल करारापासून ही यादी सुरू झाली. आर-२२ आपल्याकडे २०३०पर्यंत संपवायचा आहे. २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली, त्यानुसार ४१०एसारख्या गॅसांचा वापर २०२८ला गोठवायचा आणि २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. आज इथे बसलेली अठरा-वीस वर्षांची मुलं तेव्हा चाळिशीत असतील. हे उतरवण्याचं काम कागदावर दिल्लीत होईल, प्रत्यक्षात ते तुमच्या पान्यावर आणि ब्रेझिंगवर होणार आहे. मला या धंद्याचा अभिमान आहे तो याचसाठी.

मालकाला कसं सांगायचं, हे शेवटचं. ‘गॅस कमी आहे’ असं तोंडी सांगू नका. जॉब कार्डवर लिहा: बाहेरचं तापमान, परत येणाऱ्या हवेचं ड्राय बल्ब आणि वेट बल्ब, सक्शन, हेड, दोन्ही पाइपांची तापमानं, सुपरहीट, सबकूलिंग, अँपिअर. गॅस काढला किंवा भरला तर ग्रॅममध्ये. गळती सापडली तर जागा आणि फोटो. सापडली नाही तर तसंही लिहा, पुढे येणाऱ्या माणसाला ते लागतं. मालकाला सबकूलिंग म्हणजे काय ते कळणार नाही, पण मागच्या वर्षी आठ आणि या वर्षी दोन हे त्याला बरोबर कळतं.

आता खाली वर्कशॉपमध्ये साडेपाच टनांची एक डक्टेबल गेला अर्धा तास चालू ठेवली आहे. तिच्यात मी मुद्दाम एक दोष ठेवलाय, कुठला ते सांगत नाही. चार-चारच्या गटाने या. गेज, प्रोब, चार्ट टेबलावर आहेत. पण पहिल्या दहा मिनिटांत कुणी गेजला हात लावायचा नाही. आधी फिल्टर उघडा, बेल्ट दाबून बघा, ब्लोअर कुठल्या दिशेने फिरतोय ते बघा, आणि काय दिसलं ते कार्डावर लिहून मला दाखवा.